आकड्यांत हरवलेली नावे

युद्धात मरण पावलेल्यांचा सन्मान प्रत्येक राष्ट्र आपापल्या रीतीने करते. परंतु स्मारकाची उंची किंवा वार्षिक मानवंदनेचा थाट यांपेक्षा, सैन्याच्या सर्वांत खालच्या पायरीवर उभा राहून लढलेल्या माणसाचे नाव तेथे सापडते की नाही, यावरूनच त्या सन्मानाचा खरेपणा ठरतो. युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या बऱ्याच काळापर्यंत साधा शिपाई सामूहिक खड्ड्यात पुरला जाई आणि पुतळे मात्र राजांचे व सेनापतींचे उभे राहत. पहिल्या महायुद्धात सामान्य घरांतील लाखो तरुण मृत्युमुखी पडले, तेव्हा ही जुनी रीत टिकणे अशक्य झाले.

या बदलाला शिस्तबद्ध रूप देणारी संस्था म्हणजे ब्रिटनमध्ये फेबियन वेअर यांच्या पुढाकाराने १९१७ मध्ये स्थापन झालेला साम्राज्य युद्धसमाधी आयोग, जो पुढे राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोग या नावाने ओळखला जाऊ लागला. ज्याचे थडगे सापडले त्याच्या थडग्यावर आणि ज्याचे सापडले नाही त्याच्यासाठी स्मारकभिंतीवर नाव कोरायचे, हुद्दा, वंश किंवा धर्म यांवरून भेद करायचा नाही आणि कोणाचेही पार्थिव मायदेशी न्यायचे नाही, अशी तत्त्वे आयोगाने स्वीकारली. यांतील शेवटच्या नियमाने असंख्य माता दुखावल्या, तरीही श्रीमंताचा मुलगा घरी परतावा आणि गरिबाचा परक्या मातीत राहावा, हा भेद टाळण्यासाठी तो कायम ठेवला गेला. अमेरिकेने मात्र हा निर्णय कुटुंबांवर सोपवला आणि त्यांतील बहुसंख्यांनी पार्थिव मायदेशी आणण्याचा पर्याय निवडला.

समतेचे हे तत्त्व उदात्त होते, म्हणूनच त्याचा भंग अधिक बोचतो. फ्रान्समधील न्यूव्ह शापेल येथे १९२७ मध्ये उभारलेल्या स्मारकावर, ज्यांचे थडगे ज्ञात नाही अशा ४,७०० हून अधिक भारतीय सैनिकांची व मजुरांची नावे आहेत. परंतु युरोपबाहेर हाच न्याय पाळला गेला नाही. मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, मोहिमेत थडगे न लाभलेल्या ४०,५०० हून अधिक मृतांसाठी १९२९ मध्ये बसरा येथे स्मारक खुले झाले, तेव्हा अधिकाऱ्यांची नावे दगडावर कोरली गेली आणि भारतीय शिपायांच्या वाट्याला मात्र पलटणीच्या नावापुढे केवळ मृतांची संख्या आली. ही गोष्ट महाराष्ट्राशी थेट जोडलेली आहे, कारण डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या काळात कुत येथे वेढ्यात अडकलेल्या सहाव्या, म्हणजेच ‘पुणे डिव्हिजन’ या नावाच्या सैन्यविभागात १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. याच पुण्याजवळ खडकीच्या युद्ध दफनभूमीतील स्मारकावर पहिल्या महायुद्धाच्या काळात हिंदुस्थानात मरण पावलेल्या आणि ज्यांची मूळ थडगी राखणे शक्य राहिले नाही अशा अठराशेहून अधिक सैनिकांची, प्रामुख्याने ब्रिटिशांची, नावे व्यवस्थित कोरलेली आहेत.

आयोगाने नेमलेल्या समितीने २०२१ मध्ये हा अन्याय अधिकृतपणे मान्य केला. भारतीय, आफ्रिकी आणि इजिप्शियन मृतांपैकी सुमारे ४५,००० ते ५४,००० जणांचे स्मरण असमान रीतीने झाले आणि आणखी किमान १,१६,०००, कदाचित ३,५०,००० पर्यंत, लोकांची नावे कोठेही कोरली गेली नाहीत किंवा त्यांचे स्मरणच झाले नाही, असा तिचा निष्कर्ष होता. या समाजांना व्यक्तिगत स्मारकाचे महत्त्व वाटत नाही, ही वसाहतकालीन अधिकाऱ्यांची समजूत या अन्यायामागे होती. दख्खनच्या कोणत्याही जुन्या देवळाच्या आवाराने ती खोटी ठरवली असती. अशा आवारांत गावाच्या, गुराढोरांच्या किंवा सीमेच्या रक्षणासाठी पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेली शिळा अनेकदा आढळते; तिला वीरगळ म्हणतात. तिच्या खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत अप्सरांसह स्वर्गारोहण, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य कोरलेले असतात. बहुसंख्य वीरगळांवर लेख नसल्याने ती नावे आज लोपली असली, तरी एका माणसासाठी एक शिळा उभी करणारा समाज व्यक्तीच्या स्मरणाविषयी उदासीन होता, असे म्हणता येत नाही.

नाव कोरले की सन्मान पूर्ण झाला, असेही मात्र नाही, आणि जपानचे उदाहरण हेच दाखवते. तोक्योतील यासुकुनी या शिंतो मंदिरात १८६९ पासून युद्धमृतांचे आत्मे देवरूपाने प्रतिष्ठित केले जातात. तेथे १९७८ मध्ये पहिल्या श्रेणीचे चौदा युद्धगुन्हेगारही समाविष्ट झाले, तर जपानी सैन्यात मेलेल्या कोरियन व तैवानी माणसांचा समावेश त्यांच्या कुटुंबांना न विचारता झाल्याने त्या कुटुंबांपैकी अनेकांनी नावे वगळण्याची मागणी केली. याउलट १९९५ मध्ये ओकिनावा येथे उभारलेल्या शांतिस्मारकावर सैनिक आणि नागरिक, जपानी आणि अमेरिकी असा भेद न करता २,४०,००० हून अधिक नावे कोरलेली आहेत. जर्मनीला पराभवाचे आणि अपराधाचे ओझे वाहत स्मरण करावे लागते, म्हणून बर्लिनच्या नॉये वाखे या स्मारकात १९९३ पासून विजयी योद्ध्याऐवजी कॅथे कॉलवित्झ यांनी घडवलेली, मृत मुलाला कुशीत घेतलेली आई आहे आणि ते स्थान युद्धाच्या व जुलमाच्या सर्व बळींना अर्पण केलेले आहे.

भारतात १९३१ च्या इंडिया गेटवर तेरा हजारांहून अधिक नावे आहेत, तर २०१९ मध्ये दिल्लीत खुल्या झालेल्या राष्ट्रीय युद्धस्मारकाच्या ‘त्यागचक्रा’त स्वातंत्र्योत्तर काळातील पंचवीस हजारांहून अधिक सैनिकांची नावे ग्रॅनाइटवर कोरून देशाने आपले ऋण योग्य रीतीने मान्य केले. १९९९ च्या कारगिल युद्धापासून पार्थिव मूळ गावी पोहोचवण्याची प्रथा रूढ झाल्याने आता सैनिकाचे नाव त्याच्या गावात तरी कोणी विसरत नाही. परंतु पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश सरकारने खेडोपाडी लावलेल्या संगमरवरी पाट्यांवर, गावातून किती पुरुष गेले आणि किती मेले, एवढेच आकडे आहेत.

या आकड्यांमागची नावे शोधणे अशक्य नाही. लाहोरच्या वस्तुसंग्रहालयात जपलेल्या नोंदवह्यांतून पंजाबमधील सुमारे ३,२०,००० सैनिकांची माहिती २०२१ पासून संगणकावर उपलब्ध होऊ लागली, आणि अशा पाट्या असलेल्या महाराष्ट्रातील गावांनीही ग्रामपंचायत, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, विद्यापीठांचे इतिहास विभाग आणि पलटणींची अभिलेखागारे यांच्या साहाय्याने हे काम हाती घेतले पाहिजे. साम्राज्यासाठी लढलेल्यांना स्वतंत्र देशाने का आठवावे, हा आक्षेप येथे टिकत नाही, कारण ज्या राजवटीने त्यांना रणांगणावर पाठवले तिने त्यांना आकडा मानले, म्हणून त्यांच्याच गावांनीही तसे मानावे, हे न्यायाला धरून होणार नाही.