बक्षिसाची रक्कम आणि महिन्याचा पगार

गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली ज्यांची घरे आणि शेते गेली, अशा एखाद्या कुटुंबातील तरुण सरकारी नोकरीसाठी अर्ज करतो तेव्हा त्याच्या कागदांच्या पिशवीत प्रकल्पग्रस्त असल्याचा दाखला असतो. तो कबड्डीत किंवा धावण्यात पुढे असला तर त्याच पिशवीत क्रीडा प्रमाणपत्रही असते. महाराष्ट्राच्या नोकरभरतीत समांतर आरक्षणाचा जो तक्ता आहे, त्यात प्रकल्पग्रस्तांसाठी ५ टक्के आणि खेळाडूंसाठी ५ टक्के अशा दोन ओळी आहेत. एक ओळ गेलेल्या जमिनीबद्दलची, दुसरी गाळलेल्या घामाबद्दलची. दोन्ही ओळी शेवटी एकाच प्रश्नाशी येऊन थांबतात, आणि तो म्हणजे महिन्याच्या महिन्याला पगार देणारे काम मिळणार की नाही.

या प्रश्नाच्या निमित्ताने आम्ही आज अशा एका खेळाविषयी लिहीत आहोत की ज्याचे नाव या पानावर पाहून काही वाचकांना आश्चर्य वाटेल. पूल, बिलियर्ड्स आणि स्नूकर हे हिरव्या कापडाच्या टेबलावर काठीने चेंडू ढकलण्याचे खेळ पवनी तालुक्यातील शेतकऱ्याच्या पोराचे खेळ नव्हेत, हे आम्हांला ठाऊक आहे. परंतु कबड्डीपटूच्या मागे गाव असते, पहिलवानाच्या मागे तालीम आणि जत्रेतले इनाम असते. टेबलावरच्या खेळाडूच्या मागे यांपैकी काहीही नाही. तिकीट काढून त्याला पाहायला येणारी गर्दी जवळजवळ नाहीच. त्यामुळे खेळावर पोट कसे भरते आणि कसे भरत नाही, हे या खेळात जितके उघडे दिसते तितके अन्यत्र दिसत नाही.

हे खेळ अगदीच परके आहेत असेही नाही. स्नूकरचा जन्म १८७५ साली जबलपूरला, इंग्रज अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये झाला असे मानले जाते. म्हणजे ज्या जुन्या मध्य प्रांतात आपला भंडारा जिल्हा होता, त्याच प्रांतात. मेसमधून हे टेबल जिमखान्यात गेले आणि साहेब गेल्यावरही जिमखान्यातच राहिले. त्या टेबलाभोवती एक माणूस मात्र पहिल्यापासून उभा आहे, ज्याला सभासदांच्या यादीत कधी जागा मिळाली नाही. तो म्हणजे मार्कर. गुण मोजणे, चेंडू जागेवर मांडणे, कापडाला ब्रश मारणे, त्यावर इस्त्री फिरवणे, आणि सभासदाला जोडीदार नसला तर त्याच्याशी खेळणे, ही त्याची कामे. खेळ त्याला सभासदाइतकाच, पुष्कळदा अधिक, येतो. परंतु सभासदाने खेळला तर तो छंद आणि मार्करने खेळला तर ती नोकरी, असा हा हिशेब आहे. पुढे शहरांतून तासाच्या भाड्याने चालणारी पूलची दुकाने निघाली. तेथे जिमखान्याचे सभासदत्व लागत नाही हे खरे, पण सराव जितका अधिक तितके भाडे अधिक. खेळ शिकणाऱ्याचा पहिला खर्च म्हणजे हे तासाचे भाडे.

पूल खेळून जगणारे लोक प्रामुख्याने अमेरिका, युरोप, फिलिपिन्स आणि तैवान येथे आहेत. त्यांचा धंदा कसा चालतो ते पाहण्यासारखे आहे. स्पर्धेला जायचे तर प्रवेशशुल्क, प्रवास आणि राहणे यांचा खर्च सामान्यतः खेळाडूचा. बक्षिसाची मोठी रक्कम वरच्या थोड्यांना मिळते. मधल्या क्रमांकावर संपलेल्या खेळाडूचा खर्चसुद्धा पुष्कळदा भरून निघत नाही. म्हणून तो शिकवण्या घेतो, प्रदर्शनीय सामने खेळतो, काठ्या बनविणाऱ्या कंपनीचा शिक्का अंगरख्यावर लावतो. ज्याच्यापाशी एवढेही भांडवल नाही त्याला कोणी सावकार पुढे करतो. हा सावकार प्रवेशशुल्क भरतो आणि जिंकलेल्या रकमेत ठरलेला वाटा घेतो. काही जण पैशाची पैज लावून खेळतात. शेतीतला बटईदार आणि हा खेळाडू यांत फरक असलाच तर इतकाच, की बटईदाराला निदान पावसाचा अंदाज बांधता येतो.

या धंद्यातला सर्वांत थोर मानला जाणारा खेळाडू म्हणजे फिलिपिन्सचा एफ्रेन रेयेस. गरीब घरातला हा मुलगा मनिलात काकाच्या पूलच्या अड्ड्यात वाढला आणि रात्री टेबलावरच झोपत असे. १९९९ साली तो नाइन-बॉल या प्रकारात जगज्जेता झाला. २००६ साली अमेरिकेत रीनो शहरी झालेल्या एका स्पर्धेत त्याने पहिला क्रमांक मिळविला. बक्षीस जाहीर झाले होते ५ लाख डॉलर. पूलच्या खेळात एवढी रक्कम तोवर कोणी ऐकली नव्हती. दूरचित्रवाणीवर माल खपविणाऱ्या एका व्यापाऱ्याने ही स्पर्धामालिका उभी केली होती आणि ती जुगाराच्या एका संगणकीय कंपनीला विकण्याचा त्याचा बेत होता. त्याच सुमारास अमेरिकेने अशा जुगाराविरुद्ध कायदा केला, व्यवहार मोडला आणि मालिका कोसळली. स्पर्धेत जिंकलेले पैसे खेळाडूंना वेळेवर मिळाले नाहीत. पुढे ते हप्त्याहप्त्याने देण्याची पाळी आली. जगातला पहिल्या क्रमांकाचा कारागीर काम पुरे करून मजुरीसाठी ताटकळत राहिला. रोजगार हमीच्या कामावर हजेरीपट घेऊन उभ्या राहिलेल्या आपल्या माणसांना हे चित्र परके वाटू नये.

स्नूकरची स्थिती अधिक शिस्तीची आहे, असे म्हणतात. या खेळाची व्यावसायिक फेरी ब्रिटनमधून चालते. तीत सुमारे १२८ खेळाडू असतात. प्रवेशाचा परवाना दोन वर्षांचा. खेळाडूची क्रमवारी दोन वर्षांत मिळविलेल्या बक्षिसाच्या रकमेवरून लागते, म्हणजे माणसाची किंमत अक्षरशः पौंडात लिहिली जाते. ६४ च्या खाली गेलेल्यांपैकी बहुतेकांना पुन्हा पात्रतेच्या चाळणीतून जावे लागते. २०१९ पासून जगज्जेत्याला ५ लाख पौंड मिळतात. दुसऱ्या टोकाला, २०२२-२३ च्या हंगामात प्रत्येक खेळाडूला किमान २० हजार पौंडांची हमी द्यावी लागली, कारण खालच्या खेळाडूंना जगणे अशक्य झाले होते. ही रक्कम त्या वेळच्या दराने सुमारे १९ लाख रुपये. आकडा आपल्याकडे मोठा दिसतो, पण त्यातूनच ब्रिटनमधले घरभाडे, प्रवास आणि वर्षभराचे खाणे भागवायचे. शिवाय ती हमी म्हणजे वेगळे वेतन नव्हे. बक्षिसातून पुढे वळती करून घेण्याची ती उचल होती. ऊसतोड कामगाराला मुकादम देतो त्या उचलीशी तिची तुलना कोणी केली तर आम्ही त्याला दोष देणार नाही.

या फेरीत आपल्या देशातून, आणि त्यातही मुंबईतून, काही जण गेले. आदित्य मेहता २०१३ साली दिल्लीत झालेल्या इंडियन ओपनच्या अंतिम सामन्यात पोहोचला. क्रमवारीच्या स्पर्धेत एवढी मजल मारणारा तो पहिला भारतीय. पुढे मानेच्या दुखण्याने त्याचा तेथील खेळ सुटला. पुण्यात जन्मलेला आणि बंगळुरात वाढलेला पंकज अडवाणी याने २०१४ साली ती फेरी स्वतः सोडली आणि तो मायदेशी राहून खेळू लागला. २०२३ साली मुंबईच्या इशप्रीतसिंग चढ्ढा याने पात्रता स्पर्धेतून प्रवेश मिळविला. या तिघांची गुणवत्ता वादातीत आहे. पण अडवाणीसारखा, जागतिक विजेतेपदांची संख्या २०२४ अखेर २८ वर नेणारा खेळाडू परदेशातली ती फेरी सोडून येऊ शकतो आणि तरीही निर्धास्तपणे खेळू शकतो, हे कशाच्या बळावर?

तो तेल व नैसर्गिक वायू महामंडळाचा नोकर आहे, हे त्याचे साधे उत्तर. भारतातील टेबलावरच्या खेळाचा इतिहास चषकांच्या यादीतून लिहिला जातो. तो खरे म्हणजे हजेरीपटावरून लिहायला हवा. राष्ट्रीय स्पर्धेचे निकाल पाहिले तर खेळाडूंच्या नावापुढे पेट्रोलियम क्रीडा मंडळ आणि रेल्वे ही नावे वारंवार दिसतात. सार्वजनिक मालकीच्या या उद्योगांनी खेळाडूला हुद्दा दिला, रजा दिली, प्रवासाचा खर्च दिला आणि हंगाम वाईट गेला तरी पहिल्या तारखेला पगार दिला. बक्षिसाच्या रकमेने आपल्याकडचे फार थोडे खेळाडू जगले असतील. ते जगले ते पगारावर.

हा आधार नव्हता तेव्हा काय होते ते विल्सन जोन्स याच्या आयुष्यावरून कळते. १९२२ साली पुण्यात जन्मलेला हा खेळाडू १९५८ साली कलकत्त्यात बिलियर्ड्सचा जगज्जेता झाला. १९६४ साली न्यूझीलंडमध्ये त्याने ते पद पुन्हा मिळविले. स्वतंत्र भारताचा, कोणत्याही वैयक्तिक खेळातला, पहिला जगज्जेता म्हणून त्याचे नाव घेतले जाते. परंतु ही दोन्ही विजेतेपदे हौशी खेळाडूंची होती. हौशी म्हणजे खेळातून पैसा घेणे निषिद्ध. हा नियम ज्यांनी केला त्यांच्या घरी चुलीचा प्रश्न नव्हता. १९६६ साली जोन्स व्यावसायिक झाला आणि पुढे त्याने शिकविण्याचे काम पत्करले. त्याला द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला तो १९९६ साली. त्याच्या मागून आलेला मुंबईचा मायकेल फरेरा हा १९७७, १९८१ आणि १९८३ असा तीनदा हौशी जगज्जेता. १९८१ साली त्याने पद्मश्री नाकारली, कारण क्रिकेटच्या खेळाडूला वरचा सन्मान आणि जगज्जेत्याला खालचा, हे त्याला मान्य नव्हते. त्या वेळी अनेकांना तो मानापमानाचा प्रश्न वाटला. आम्हांला त्यात खेळांच्या प्रतवारीचा प्रश्न दिसतो, आणि प्रतवारीमागून पैसा येतो.

ही प्रतवारी आजही चालू आहे. आशियाई स्पर्धांत हे खेळ १९९८ पासून २०१० पर्यंत होते, नंतर वगळले गेले. ऑलिंपिकमध्ये ते कधीच नव्हते. सरकारी मदतीचा मोठा ओघ ऑलिंपिकच्या खेळांकडे वळलेला असल्यामुळे टेबलावरच्या खेळाडूला सार्वजनिक उद्योगातली नोकरी हाच एक भरवसा उरतो. त्या उद्योगांत कायम जागा कमी करून कंत्राटी माणसे घेण्याचे धोरण गेली कित्येक वर्षे चालू आहे. कंत्राटी कामगाराला स्पर्धेसाठी पगारी रजा कोण देणार? निर्गुंतवणुकीच्या चर्चेत नफ्यातोट्याचे आकडे येतात, पण त्या आकड्यांत या खेळाडूचा पगार कुठल्या रकान्यात धरला आहे हे कोणी सांगत नाही.

येथे आमचे गोसीखुर्दचे कार्यकर्ते विचारतील, आणि त्यांनी विचारलेच पाहिजे, की २२ एप्रिल १९८८ ला ज्या धरणाची पायाभरणी झाली त्याच्या कालव्यांची आणि पुनर्वसनाची गाऱ्हाणी अजून संपलेली नसताना जिमखान्यातल्या खेळाची चिंता आपण का वाहावी? गावोगाव हिरवी टेबले मांडा अशी आमची मागणी नाही. एक टेबल काही लाखांना पडते, तेवढ्यात शाळेचे मैदान सुधारता येते, हे आम्ही जाणतो. परंतु ठोक रक्कम आणि नियमित वेतन यांतला फरक गोसीखुर्दच्या विस्थापितांना जितका कळला आहे तितका तो क्वचितच कोणाला कळला असेल. २०१३ साली सुमारे १,२०० कोटी रुपयांचे विशेष पॅकेज जाहीर झाले. त्यात नोकरीच्या बदल्यात कुटुंबामागे एकरकमी पैसे देण्याची तरतूद होती. एकरकमी पैशाचे काय होते ते आपण पाहिले आहे. घराचे छप्पर, मुलीचे लग्न, जुने कर्ज, क्वचित एखादी मोटारसायकल, आणि मग पुन्हा मजुरी. रक्कम खोटी नव्हती, पण शेत दरवर्षी पिकत होते आणि रक्कम एकदाच आली. खेळाडूला मिळणारे बक्षीस याच जातीचे आहे. मंत्री महोदय विजेत्याच्या हाती मोठ्या आकाराचा धनादेश देतात, छायाचित्र निघते, आणि दुसऱ्या वर्षी त्या खेळाडूचा खांदा दुखावला तर तो कोणत्या रांगेत उभा आहे हे पाहायला कोणी जात नाही.

खेळाडूंच्या आरक्षणात दोष नाहीत असे आम्ही म्हणत नाही. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांवर नोकऱ्या लाटल्याची प्रकरणे या राज्यात उघडकीस आली आहेत. ज्याने कधी मैदान पाहिले नाही तो खेळाडू ठरतो आणि पहाटे चारला उठून डांबरी रस्त्यावर धावणारी आपली मुले प्रतीक्षायादीत राहतात. त्यावरचा उपाय आरक्षण काढणे हा नव्हे. प्रमाणपत्रांची पडताळणी जाहीरपणे व्हावी आणि कोणाला कोणत्या स्पर्धेतील कामगिरीवर नेमले त्याची यादी लोकांसमोर लागावी. तसेच जिमखान्यांतील आणि क्लबांतील मार्करांना किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी आणि आठवड्याची सुट्टी मिळते की नाही, याची तपासणी कामगार खात्याने करावी. शहरांतील आमच्या कामगार आघाडीने हे काम अंगावर घेण्यासारखे आहे. ते मोर्च्याचे नाही, चिकाटीचे आहे.

पवनी आणि भंडाऱ्याच्या शाखांना त्याआधी करता येण्याजोगे एक काम आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद आणि पोलीस अधीक्षक कार्यालय यांच्याकडे अर्ज द्यावेत. गेल्या दहा वर्षांत प्रत्येक भरतीत प्रकल्पग्रस्तांच्या ५ टक्क्यांतील आणि खेळाडूंच्या ५ टक्क्यांतील किती जागा निघाल्या, किती भरल्या, आणि उमेदवार मिळाला नाही असे कारण दाखवून किती जागा दुसरीकडे वळविल्या, हे वर्षवार मागावे. उत्तरे येतील तशी ती या पानाकडे पाठवावीत. आम्ही ती आकड्यांसह छापू.