‘कळवतो’ म्हणजे नेमके काय?

नोकरीच्या मुलाखतीचा समारोप बहुधा एकाच शब्दाने होतो : ‘कळवतो’. प्रत्यक्षात काहीच कळत नाही. नकार आला तर उमेदवार दोन दिवसांत सावरतो. उत्तरच न येणे मात्र महिनोन्‌महिने छळते. सोलापूरहून रात्रीच्या गाडीने निघून सकाळी हिंजवडी गाठायची, स्वागतकक्षात तीन तास बसायचे, अर्जात लिहिलेलीच माहिती दहा मिनिटे तोंडी सांगायची आणि परतीची गाडी धरायची. भाडे त्याचे, बुडालेला दिवस त्याचा आणि नंतर फोनकडे डोळे लावून बसण्याचे कामही त्याचेच. जागा मुळात रिकामी होती की आधीच कोणाला देऊन झाली होती, हेही त्याला समजत नाही.

या बेपर्वाईचे मूळ मागणी आणि पुरवठ्याच्या व्यस्त प्रमाणात आहे. जुलै २०२४ मध्ये गुजरातमधील अंकलेश्वर येथे एका कंपनीने जेमतेम दहा जागांसाठी थेट मुलाखती ठेवल्या. आलेल्या शेकडो तरुणांच्या रेटारेटीत हॉटेलच्या उतारावरचा कठडा कोसळला. त्याच महिन्यात मुंबईत कलिना येथे विमानतळावरील सामान चढवण्या-उतरवण्याच्या सुमारे दोन हजार जागांसाठी हजारोंचा लोंढा आला. गर्दी आवरेना, तेव्हा अर्ज ठेवून घरी जा, असे उमेदवारांना सांगण्यात आले. मुलाखतीसाठी बोलावून मुलाखतच न घेण्याचा हा प्रकार; पण त्यात कोणाला फार वावगे वाटले नाही!

सरकारी नोकरीत निदान दाद मागण्याची सोय आहे. श्रीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रवेशासंबंधीच्या अजय हसिया खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९८० मध्येच दोन-तीन मिनिटांत उरकलेल्या, घरादाराची चौकशी करणाऱ्या मुलाखतींवर ताशेरे ओढले आणि एकूण गुणांच्या पंधरा टक्क्यांहून अधिक वजन मुलाखतीला देणे मनमानीचे ठरवले. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून कनिष्ठ पदांच्या मुलाखती बंदच केल्या. तरीही प्रतीक्षेचा जाच येथेही सुटलेला नाही. लोकसेवा आयोगाची मुख्य परीक्षा उत्तीर्ण होऊन दीर्घकाळ मुलाखतीची वाट पाहणाऱ्या पुण्याच्या एका तरुणाने २०२१ च्या जूनअखेरीस आपले जीवन संपवले. त्यानंतर कुठे आयोगावरील सदस्यांची रिक्त पदे भरण्याचे आश्वासन सरकारने विधिमंडळात दिले.

खासगी क्षेत्रात तेवढेही नाही. पंचवीस वा अधिक माणसे कामावर असलेल्या खासगी आस्थापनांनी रिक्त जागा सेवायोजन कार्यालयाला कळवाव्यात, असे १९५९ चा कायदा सांगत होता; त्यामुळे कोणाला नेमण्याचे बंधन येत नाही, हेही त्यातच नमूद होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत हा कायदा विलीन झाला. सरकारला जागा कळवायची. उमेदवाराला मात्र निकाल कळवायचा की नाही, हा मालकाच्या मर्जीचा प्रश्न.

कॅनडातील ओंटारिओ प्रांताने ही मर्जी काढून घेतली आहे. १ जानेवारी २०२६ पासून तेथे जाहिरातीद्वारे भरल्या जाणाऱ्या पदासाठी ज्याची मुलाखत घेतली, त्याला पंचेचाळीस दिवसांच्या आत निर्णय झाला की नाही हे कळवणे सक्तीचे आहे. जागा खरोखर रिकामी आहे का आणि अर्जांच्या छाननीसाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरली जाते का, हेही जाहिरातीतच सांगावे लागते. योगायोग असा की, तेथेही पंचवीस कर्मचाऱ्यांचीच मर्यादा आहे.

हजारो अर्जांना उत्तरे देणे परवडत नाही, असे कंपन्यांचे म्हणणे असते. ते फारसे पटणारे नाही. अर्ज पोहोचल्याची पोच संगणकच पाठवतो. नकारही तोच पाठवू शकेल. शिवाय प्रश्न अर्ज करणाऱ्या हजारोंचा नसून समोर बसवून प्रश्न विचारलेल्या मोजक्या लोकांचा आहे. निवड न होण्याचे कारण सांगण्यात कायदेशीर कटकटी आहेत, हे मान्य. पण ‘निवड झालेली नाही’ एवढे तीन शब्द लिहिण्यात कोणती आली? राज्य सरकारच्या रोजगार मेळाव्यांत येणाऱ्या कंपन्यांना, मुलाखत दिलेल्या प्रत्येकाला ठरावीक मुदतीत निकाल कळवण्याची अट घालता येईल. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचेही कारण नाही.