मानधन कोणाला, वेतन कोणाला?

शासनाच्या मराठीत श्रमाच्या मोबदल्याला अनेक नावे आहेत. रोजगार हमीच्या कामावर माती उपसणाऱ्या बाईला मिळते ती मजुरी. अंगणवाडी सेविकेला मिळते ते मानधन. शिक्षण सेवकालाही मानधनच. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या प्राध्यापकाला घेतलेल्या तासांचे पैसे. आणि राज्यपालांनी विधान परिषदेवर नियुक्त केलेल्या सदस्याला मात्र वेतन, भत्ते आणि पुढे निवृत्तिवेतन. आम्ही भाषेचे अध्यापक आहोत. शब्दांची अशी वाटणी सहज झालेली नसते, हे आम्हाला वर्गात रोज शिकवावे लागते. तेव्हा या वाटणीचाही एकदा सरळ अर्थ लावून पाहू.

मानधन म्हणजे मानापोटी दिलेले धन. व्याख्यानमालेत वक्त्याला शाल-श्रीफळाबरोबर जे पाकीट दिले जाते, ते मानधन. त्या पाकिटाने श्रमाचे मोल होत नाही आणि ते कोणी मागूही नये, असा संकेत आहे. वेतन हा मात्र हक्क आहे. काम केले, त्याचा दाम मागितला, त्यात संकोच कसला? आता या व्याख्या शासनाच्या यादीला लावून पाहाव्यात. ज्यांची नेमणूकच मान म्हणून होते त्यांना वेतन मिळते आणि ज्यांचे पोट रोजच्या कामावर चालते त्यांना मानधन. ही अदलाबदल अनवधानाने झालेली नाही. मानधन म्हटले की किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी हे सारे प्रश्न दाराबाहेर ठेवता येतात. अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो, हे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले, यातच सगळे आले.

महाराष्ट्राच्या विधान परिषदेत ७८ सदस्य आहेत. त्यांपैकी ३० जणांना विधानसभेचे आमदार निवडतात, २२ जणांना स्थानिक स्वराज्य संस्थांचे सदस्य, ७ जणांना पदवीधर आणि ७ जणांना शिक्षक. म्हणजे ६६ जणांना कोणाच्या ना कोणाच्या दारी मत मागायला जावे लागते. उरलेले १२ जण कोणाच्याच दारी जात नाहीत. राज्यघटनेच्या १७१व्या अनुच्छेदानुसार साहित्य, विज्ञान, कला, सहकारी चळवळ आणि समाजसेवा या क्षेत्रांतील विशेष ज्ञान अथवा प्रत्यक्ष अनुभव असलेल्या व्यक्तींमधून राज्यपाल त्यांची नियुक्ती करतात. त्यांचे वेतन मात्र निवडून आलेल्या आमदाराइतकेच असते आणि ते विधिमंडळच ठरवते. आपला पगार आपणच ठरवण्याची सोय या राज्यातल्या दुसऱ्या कोणत्या नोकरदाराला आहे?

ऑगस्ट २०१६ मध्ये आमदारांचे वेतन शासनाच्या प्रधान सचिवांच्या वेतनाशी जोडणारे विधेयक दोन्ही सभागृहांत चर्चेविना संमत झाले. सुमारे ७५ हजार रुपयांची मासिक प्राप्ती त्यामुळे दीड लाखाच्या पुढे गेली. माजी सदस्यांचे निवृत्तिवेतन ४० हजारांवरून ५० हजारांवर आले. त्याच वर्षी प्राथमिक शाळेतल्या शिक्षण सेवकाला महिना ६ हजार रुपये मिळत होते. त्याचे १६ हजार व्हायला २०२३ साल उजाडावे लागले. १ नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आलेल्या कर्मचाऱ्यांची जुनी पेन्शन शासनाला परवडेनाशी झाली आणि तिच्यासाठी मार्च २०२३ मध्ये लाखो कर्मचाऱ्यांना संप करावा लागला. पुढे सुधारित योजना आल्या, हे खरे. पण तिजोरीची जी चिंता शिक्षकाच्या पेन्शनपाशी जागी झाली, ती आमदारांच्या पेन्शनपाशी गाढ झोपली होती, हेही तितकेच खरे.

आणखी एक हिशेब मांडतो. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीच्या मजुरीचा दर दिवसाला २९७ रुपये होता. केंद्राच्या कायद्याने तेव्हा हमी दिलेले १०० दिवसांचे काम एखाद्या कुटुंबाला पुरेपूर मिळाले, तरी वर्षाचे २९,७०० रुपये होत. माजी आमदाराच्या एका महिन्याच्या निवृत्तिवेतनापेक्षाही हे कमी!

यावर एक आक्षेप येईल आणि तो आम्हाला हलका वाटत नाही. कायदे करणाऱ्याला पुरेसे वेतन दिले नाही, तर कायदे करणे हा श्रीमंतांचा छंद होईल. इंग्लंडातल्या चार्टिस्ट कामगारांनी १८३८ मध्ये ज्या सहा मागण्या केल्या, त्यांत संसद सदस्यांना वेतन द्या ही एक होती. ते वेतन द्यायला तिथे १९११ साल उजाडले. आपल्याकडे काँग्रेसने १९३१ च्या कराची ठरावात राज्यसेवकाच्या वेतनाला सामान्यतः ५०० रुपयांची मर्यादा घातली आणि १९३७ मध्ये मुंबई प्रांतात खेर मंत्रिमंडळाने मंत्र्यांचे वेतन तेवढेच ठेवले. त्या त्यागाचे सर्वत्र कौतुक चालले असताना विधानसभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर या विधेयकाविरुद्ध बोलले. योग्यता, लोकशाही आणि कारभाराची शुचिता या कसोट्या लावून त्यांनी अपुऱ्या वेतनाचा धोका दाखवला. ज्याच्या घरी खायला आहे त्यालाच फुकट काम करण्याची चैन परवडते, हे त्यांच्याइतके कोणाला कळणार?

म्हणूनच नियुक्तांना काहीच देऊ नका, असे आम्ही म्हणत नाही. ‘मी वेतन घेत नाही’ या घोषणेचेही आम्हाला कौतुक नाही. राज्यसभेवर नियुक्त झालेल्या लता मंगेशकरांनी वेतन-भत्ते स्वीकारले नाहीत आणि सचिन तेंडुलकर यांनी आपले वेतन २०१८ मध्ये पंतप्रधान मदतनिधीला दिले. दोघांचेही औदार्य मान्य. पण दोघांच्याही तुटपुंज्या उपस्थितीवर टीका झाली, हे विसरता येत नाही. दाम नाकारला की कामाचा जाब विचारायलाही माणूस कचरतो.

पण आंबेडकरांचा युक्तिवाद नीट वाचला तर तो आजच्या वेतनाच्या बाजूने उभा राहत नाही. गरिबाला सभागृहाचे दार बंद होऊ नये, एवढीच त्याची मागणी आहे. प्रधान सचिवाच्या बरोबरीने बसण्याशी त्याचा काही संबंध नाही. ‘उपरा’कार लक्ष्मण माने यांच्यासारखा भटक्या समाजातून आलेला लेखक परिषदेवर नेमला जातो, तेव्हा सहा वर्षे त्याची चूल पेटती राहील अशी तजवीज समाजाने केलीच पाहिजे. ग. दि. माडगूळकर, ना. धों. महानोर यांच्यासारखे कवी या सभागृहात बसले. महानोरांनी तिथे शेती आणि पाणी हे विषय लावून धरले. अशा माणसाला पोटाची चिंता असू नये, याबद्दल दुमत नाही. प्रश्न एवढाच आहे की चिंता मिटवायला किती लागते? राज्यातल्या नियमित माध्यमिक शिक्षकाचे घर ज्या पगारात चालते, त्यात कवीचे घर का चालू नये?

आणि ज्या विशेष ज्ञानासाठी ही आसने राखली, ते ज्ञान तिथे आहे का, हेही एकदा पाहायला हवे. जून २०२० पासून ही बाराही आसने रिकामी होती. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये मंत्रिमंडळाने १२ नावांची शिफारस केली, राज्यपालांनी ती प्रलंबित ठेवली, ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वाजवी मुदतीत निर्णय घेण्याच्या कर्तव्याची आठवण दिली, २०२२ मध्ये नव्या सरकारने ती यादीच मागे घेतली. अखेर ऑक्टोबर २०२४ मध्ये विधानसभेच्या निवडणुकीची घोषणा तोंडावर असताना सात जण नेमले गेले. सातही जण सत्ताधारी तीन पक्षांच्या वर्तुळातले होते आणि साहित्यिक म्हणून मराठी वाचक ज्याला ओळखतो असा त्यांत एकही नव्हता. ही आसने चार वर्षांहून अधिक काळ रिकामी राहिली, तेव्हा राज्याचे काय अडले? अंगणवाडी सेविकांनी चार आठवडे काम थांबवले तर काय अडते, ते गावोगावच्या आयांना विचारा.

याच परिषदेचा एक जुना वारसा आहे, म्हणून हे लिहिताना अधिक वाईट वाटते. १९६० ते १९७८ या काळात परिषदेचे सभापती असलेले वि. स. पागे हे रोजगार हमी योजनेचे जनक. १९६९ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या विसापूर परिसरात तिचा प्रयोग झाला, १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर गेली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. तुमच्या-आमच्या पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर १९७५ मध्ये आला तो याच योजनेसाठी. हाताला काम मागण्याचा हक्क ज्या सभागृहाच्या सभापतीने या राज्यातल्या मजुराला मिळवून दिला, त्याच सभागृहाने पुढे स्वतःचा दाम दुप्पट करताना चर्चेची गरजही मानू नये, ही घसरण पैशापुरती नाही.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. नियुक्त सदस्याला सहा वर्षे नियमित माध्यमिक शिक्षकाइतका मोबदला द्यावा, गैरहजेरीचे पैसे कापावेत, तहहयात निवृत्तिवेतन देऊ नये आणि वाढीचा निर्णय सभागृहाबाहेरच्या स्वतंत्र आयोगाकडे सोपवावा. या मोबदल्याला खुशाल मानधन म्हणावे, तो शब्द तिथेच शोभतो. आणि वेतन हा शब्द, त्याच्या पोटातल्या सर्व हक्कांसह, अंगणवाडीत, शाळेत आणि महाविद्यालयात राबणाऱ्यांना द्यावा.

शेवटी एक कबुली. सातव्या वेतन आयोगाचा पगार घेऊन आम्ही ज्या स्टाफरूममध्ये हा वाद घालतो, तिथेच शेजारच्या खुर्चीवर तासिका तत्त्वावरचा सहकारी बसलेला असतो. पात्रता तीच, अभ्यासक्रम तोच, उत्तरपत्रिकांचे गठ्ठेही तेच. मे महिन्यात आम्हाला पगार मिळतो, त्याला मिळत नाही. आमचा वेतन आयोग लांबला तेव्हा आम्ही मोर्चे काढले. त्याच्यासाठी किती काढले? आमदारांवर रोखलेले बोट आमच्याकडेही वळते, हे ठाऊक असूनच हे लिहिले आहे.