गाडी चकाचक, पण चेनचं काय?

आमच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये सोमवारी सकाळी चक्कर मारली, तर वीकेण्डला कोण ताम्हिणीला जाऊन आलं ते लगेच कळतं. टाकी आरशासारखी, व्हायझर लखलखीत. आणि चेन? काळीकुट्ट, नाहीतर चक्क तांबूस!

यामाहाची आर १५ २००८ मध्ये आपल्याकडे आली आणि फुल फेअरिंगवाली गाडी पगारदार पोरांच्या आवाक्यात आली. तोवर घरोघरी बाबांची स्प्लेंडर. तिची चेन कव्हरमध्ये बंद, त्यामुळे ‘सर्व्हिसिंगला टाकली की झालं’ हा मंत्र तिथे खपून जायचा. स्पोर्ट्स बाइकची चेन मात्र उघडी असते. मागचं चाक उडवतं तो सगळा चिखल, सगळी धूळ तिच्यावर. दोन सर्व्हिसिंगच्या मधले हजारो किलोमीटर ती तुमच्याच भरवशावर असते, बॉस.

माझा एक मित्र महिनाभर ‘इंजिनातून खरखर येतेय’ म्हणून हैराण होता. इंजिन ठणठणीत होतं. अख्ख्या पावसाळ्यात चेनला एक थेंब तेल मिळालं नव्हतं, एवढंच.

तर साधारण दर ५०० किलोमीटरला, आणि पावसात भिजून आलात की त्याच्याही आधी, वीस मिनिटं काढा. चेन क्लीनर नसेल तर रॉकेल चालतं, पेट्रोल नको. ‘ओ-रिंग’वाल्या चेनमधली रबरी सील त्याने खराब होतात. मऊ ब्रशने घासा, कोरडं पुसा, मग चेनच्या आतल्या बाजूने ल्यूब किंवा ९० नंबरचं गिअर ऑइल लावा. शेजारचे काका इंजिनातलं जुनं काळं ऑइल सुचवतील. त्यांना प्रेमाने चहा पाजा आणि विषय बदला! हे काम रात्री, गाडी फिरवून आणल्यावर केलेलं बरं. कोमट चेनमध्ये ल्यूब नीट मुरतं आणि सकाळी पँटवर उडत नाही.

या गाड्यांना बहुधा मेन स्टँड नसतो. पॅडॉक स्टँड घ्या, नाहीतर गाडी थोडी थोडी पुढे ढकलत साफ करा. पण इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून फिरत्या चेनला फडकं लावायचं? कध्धीच नाही. फडक्याबरोबर बोट स्प्रॉकेटमध्ये जातं आणि ते परत जोडून मिळेलच असं नाही.

चेन किती ढिली हवी, तेही बघायचं असतं. मधोमध बोटाने वर-खाली केली की साधारण २५ ते ३५ मिलिमीटर हलावी. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. फार ढिली झाली तर ती स्प्रॉकेटवरून उतरते, आणि ऐंशीच्या स्पीडला मागचं चाक जाम होणं म्हणजे काय, ते सांगायला नको. फार टाइट केली तर बेअरिंगची वाट. आणि चेन बदलायची वेळ आली, तर दोन्ही स्प्रॉकेटसकट अख्खं किट बदला. झिजलेले दाते नवी चेनही लवकर खातात.

बाकी हवा. पंपावरचा मुलगा ‘किती?’ विचारतो, आपण म्हणतो, ‘टाक रे, नेहमीसारखी.’ पुढे किती, मागे किती हे गाडीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. आठवड्यातून एकदा, टायर थंड असताना बघा. कूलंटही इंजिन थंड असतानाच. ऑइल घेताना डब्यावर ‘जासो एमए२’ लिहिलंय का ते वाचा, कारच्या ऑइलने क्लच घसरू शकतो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, म्हणून दोन वर्षांनी बदला, भले गाडी कमी चालली असो.

आणि हो, टायर काळेभोर दिसावेत म्हणून पॉलिश मारणाऱ्यांनो, ते रस्त्याला टेकणाऱ्या भागावर आणि डिस्कवर अजिबात नको. पहिल्याच वळणावर कळेल का ते.