पाइपलाइनवरचे बुजगावणे

तानसा जलवाहिनीच्या कडेने जाणाऱ्या सायकल मार्गाचे काम कुठवर आले, असे मुंबईत कोणी ना कोणी अधूनमधून विचारते आणि उत्तर टक्क्यांत मिळते. अमुक टप्पा इतके टक्के पूर्ण, तमुक टप्पा तितके टक्के, उरलेले पावसाळ्यानंतर. टक्क्यांवरून सायकल चालवता येत नाही. तिला लागतो सलग रस्ता, आणि मुलुंडला पेडलवर पाय ठेवून शीवला उतरावे असा सलग रस्ता अजून झालेला नाही. २०१७ मध्ये महापालिकेने हा बेत जाहीर केला तेव्हा मुलुंड ते शीव आणि घाटकोपरहून सहारकडे जाणारा फाटा मिळून ३९ किलोमीटरचा मार्ग होणार होता. 'हरितवारी जलतीरी' असे सुरेख नावही त्याला मिळाले. वारी म्हटले की निघण्याची आणि पोहोचण्याची तिथी ठरलेली असते. एवढी एक गोष्ट नाव ठेवणाऱ्यांच्या ध्यानात आली नसावी.

उशीर का झाला याची कारणे महापालिकेकडे तयार असतात आणि त्यातली बरीचशी खरीही असतात. जलवाहिनी रस्त्यासारखी जात नाही. नाला आला की ती खांबांवर चढून पलीकडे जाते. सायकलला तिथे वेगळा पूल लागतो. रूळ आडवे आले की रेल्वेकडे हात जोडावे लागतात. लालबहादूर शास्त्री मार्गासारखा वाहता रस्ता ओलांडायचा तर तिथे सिग्नल हवा किंवा चढउतार हवा. त्यातच नळ फुटला तर जलअभियंता खात्याच्या अवजड गाड्यांना तिथवर पोहोचता आले पाहिजे, म्हणून वरचे काम असे हवे की उद्या उखडता येईल. ज्या पट्ट्यातली बांधकामे न्यायालयीन स्थगितीमुळे उभी आहेत, तिथे मार्ग थांबतो. हे सगळे मान्य. पण यातले काहीही २०१७ नंतर उद्भवलेले नाही. नाले, रूळ आणि नळ शंभर वर्षांपासून तिथेच आहेत. तानसाचे पाणी मुंबईत आले ते १८९२ मध्ये.

मग घोडे अडले कुठे? आमच्या मते हा मार्ग मुळात सायकलवाल्यांनी मागितलेलाच नव्हता. त्याचा उगम वाहतुकीत नाही, अतिक्रमणात आहे. जलवाहिन्यांना खेटून झोपड्या उभ्या राहिल्या होत्या. पाणी दूषित होण्याची आणि घातपाताची भीती होती. २००९ मध्ये एका जनहित याचिकेवर उच्च न्यायालयाने जलवाहिनीलगतचा १० मीटरचा पट्टा मोकळा करायला सांगितले आणि पुढची अनेक वर्षे पाडापाडी चालली. पट्टा मोकळा झाला की दुसरा पेच उभा राहतो. मुंबईत मोकळी जागा मोकळी राहत नाही. आज हटवले ते उद्या परत येतील, आणि ते आले नाहीत तर भंगारवाला येईल, गॅरेजवाला येईल, निवडणुकीच्या तोंडावर एखादे मंडळ येईल. तेव्हा तिथे काहीतरी असे हवे की जे जागा अडवेल, पाइपाला धक्का लावणार नाही आणि ज्याला पर्यावरणवादीसुद्धा नाव ठेवणार नाहीत. असा बिनवादाचा रहिवासी शोधता शोधता सायकल सापडली.

शेतात बुजगावणे उभारतात ते पाखरांनी येऊ नये म्हणून. त्याच्या अंगातला सदरा पुरा शिवलेला आहे की नाही, हे कोणी पाहत नाही. पाखरे आली नाहीत की झाले. तानसाच्या कडेचा मार्ग असाच आहे. कुंपण पडले, फाटक लागले, थोडी फरसबंदी झाली, सुरुवातीचा फलक झळकला, की ज्या कामासाठी तो आणला ते काम झाले. पुढचे तुकडे जोडून कोणाला ऑफिसला पोहोचवायचे होते, असे कोणाच्या मनातच नव्हते. एखाद्या उड्डाणपुलाला सहा महिने उशीर झाला तर त्या भागातला आमदार विधानसभेत उभा राहतो, कारण पुलाच्या दोन्ही टोकांना हॉर्न वाजवणारी माणसे असतात. या मार्गाच्या दोन्ही टोकांना कोणी उभे नाही. मुदतवाढ मागणाऱ्याची आणि देणाऱ्याची झोप उडत नाही. त्यात मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि प्रशासकाची राजवट सुरू झाली. मग सभागृहात विचारायलाही कोणी उरले नाही.

या हिशेबात एक पान असे आहे की त्याबद्दल सायकलप्रेमी मंडळीही सहसा बोलत नाहीत. पट्टा मोकळा झाला म्हणजे तिथली माणसे कुठेतरी गेली. हजारो कुटुंबांची रवानगी झाली ती चेंबूरपलीकडच्या माहुलला. तेलशुद्धीकरण कारखाने आणि रसायनांच्या टाक्या यांच्या कुशीत प्रकल्पबाधितांसाठी बांधलेल्या ७२ इमारती आहेत, तिथे. माहुलच्या हवेचा तेथील रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे, हे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच म्हटले होते. तरी त्यानंतर सायकल मार्गाची घोषणा झाली आणि त्यानंतरही माणसे तिकडे पाठवली गेली. ऑगस्ट २०१८ मध्ये तिथल्या भारत पेट्रोलियमच्या कारखान्यात स्फोट होऊन आग लागली. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर माहुलवासीयांनी विद्याविहारला येऊन, जिथून त्यांना उठवले होते त्याच जलवाहिनीजवळच्या पदपथावर ठिय्या दिला आणि तो महिनोन्‌महिने चालला. सप्टेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने सांगितले की माहुलला कोणाला जबरदस्तीने पाठवता येणार नाही. जे तिथे आहेत आणि ज्यांना तिथे राहायचे नाही, त्यांना दुसरीकडे घर द्या, नाहीतर भाड्यापोटी महिना १५,००० रुपये आणि ४५,००० रुपये अनामत द्या.

जलवाहिनीलगत वस्ती असू नये, हे आम्हालाही मान्य आहे. पण शुद्ध हवेसाठी सायकल, आणि त्या सायकलच्या वाटेवरून उठवलेल्यांना शहरातली सर्वांत वाईट हवा, असा हा व्यवहार झाला. निदान त्या किमतीत जे घ्यायचे होते ते तरी घ्यावे की नाही? माणसे हटवण्याच्या कामाला जी तत्परता आणि जो पोलीस बंदोबस्त मिळाला, त्याचा चौथा हिस्सा जरी फरशा बसवण्याला मिळाला असता तर शीवची फाटके केव्हाच उघडली असती.

हा एकट्या तानसाचा दोष असता तर स्फुटाची जागा अडवली नसती. वांद्रे-कुर्ला संकुलात एमएमआरडीएने २०११ मध्ये सायकल मार्ग केला. मोठमोठ्या कचेऱ्या, सपाट जमीन, रुंद रस्ते, एका अंगाला वांद्रे स्थानक, दुसऱ्या अंगाला कुर्ला. मुंबईत सायकल रुजायची तर याहून चांगली जागा दाखवता येणार नाही. पण तो मार्ग संकुलाच्या आत सुरू झाला आणि आतच संपला. स्थानकापर्यंत गेलाच नाही. कुर्ल्याला उतरलेला कारकून रिक्षावाल्याशी हुज्जत घालत राहिला आणि सायकल मार्गावर ड्रायव्हर मंडळी साहेबांच्या गाड्या लावून डुलक्या काढत राहिली. 'वापरतच नाही कोणी' हा निष्कर्ष अशा रीतीने आपोआप सिद्ध झाला. आणि २०२५ मध्ये प्राधिकरणाने ठरवले की मार्ग उखडून ती जागा मोटारींना द्यायची. मुहूर्त पाहा. मेट्रो ३ संकुलात पोहोचली ती ऑक्टोबर २०२४ मध्ये. स्थानकातून बाहेर पडून कचेरीपर्यंतचा एक-दीड किलोमीटर कसा काटायचा, हा प्रश्न रोज हजारोंना पडू लागला, नेमक्या त्याच वेळी त्याचे एक उत्तर रस्त्यातून काढून टाकण्याचा निर्णय झाला.

पवईला तर उलटाच प्रकार. तिथे काम मागे पडले नाही, धावत सुटले. तलावाभोवती सायकल आणि पायी चालण्याचा मार्ग करायचा म्हणून महापालिकेने काठाने दगड रचायला घेतले. जाळीच्या पेट्यांत दगड भरलेले असल्याने पाणी झिरपते, सबब हे भराव टाकणे नव्हेच, असा युक्तिवादही झाला. आयआयटीच्या विद्यार्थ्यांनी न्यायालय गाठले आणि ६ मे २०२२ रोजी उच्च न्यायालयाने ते काम बेकायदा ठरवून उखडायला व जागा पूर्ववत करायला सांगितले. तलावातल्या मगरींच्या हद्दीत शिरण्याची एवढी घाई ज्या यंत्रणेला झाली होती, तिलाच मुलुंडचे नाले ओलांडताना पाय का जड होतात?

कारण तेच. पवईत सुशोभीकरण हवे होते, तानसाला कुंपण हवे होते, संकुलात परदेशी पाहुण्यांना दाखवायला काहीतरी हवे होते. तिन्ही ठिकाणी सायकल दुसऱ्याच कोणाच्या कामाला जुंपलेली होती. जिला खरोखर सायकलची गरज आहे ती मुंबई या नकाशांत कुठेच दिसत नाही. पहाटे कॅरियरला कॅन अडकवून निघालेला दूधवाला, लादी पावांची पेटी मागे बांधलेला बेकरीचा पोऱ्या, दुपारी भोंगा वाजवत फिरणारा इडलीवाला, इस्त्रीच्या कपड्यांचे बोचके सांभाळणारा धोबी, रात्रपाळी संपवून घरी निघालेला वॉचमन. २०११ च्या जनगणनेत शेतीबाहेरच्या कामावर जाणाऱ्यांपैकी देशात सुमारे १३ टक्के लोक सायकलने जात होते. ते हेच. या मंडळींचा मार्ग जलवाहिनीच्या कडेने जात नाही. तो एलबीएस मार्गावरून, एस. व्ही. रोडवरून, बस आणि फुटपाथ यांच्या मधल्या दोन हातांतून जातो. वांद्रे-वरळी सागरी सेतूवर त्यांना मज्जाव आहे, किनारी रस्त्यावर मज्जाव आहे. हजारो कोटींचे रस्ते ज्या वाहनाला बंद, त्याच्यासाठी नळाच्या कडेची बोळ खुली करायची म्हणतात, आणि तीही अर्धीच.

सायकलसाठी युरोपचे दाखले दिले की आपल्याकडे लगेच 'तिथली हवा थंड' असे ऐकवतात. म्हणून स्पेनमधल्या सेव्हिलचा दाखला घेऊ. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो असे हे गाव. २००६ च्या सुमारास तिथे सायकलवाले नावालाच होते. नगरपालिकेने सुमारे ८० किलोमीटरचे जाळे दीडेक वर्षात बांधून काढले आणि त्यासाठी गाड्या लावण्याच्या सुमारे ५,००० जागा काढून टाकल्या. दिवसाला सहा हजारांच्या घरात असलेल्या सायकलफेऱ्या काही वर्षांत सत्तर हजारांकडे गेल्या. असे काय जादूचे केले त्यांनी? जाळे एकदम जोडले, बस्स. चार तुकडे चार पेठांत करून 'पाहू, प्रतिसाद कसा मिळतो' म्हणत बसले नाहीत. अर्धा पूल बांधून त्यावरून किती लोक जातात ते मोजण्यात अर्थ नसतो, हे तिथल्या अभियंत्यांना कळले. आणि घाई त्यांना निवडणुकीचीच होती, बरे का. मतदानाच्या आत लोकांना रस्ता वापरता आला पाहिजे, एवढाच हिशेब. आपल्याकडे निवडणुकीच्या आधी भूमिपूजन उरकते. त्यांच्याकडे काम उरकले.

पुणेकरांनी हे वाचून हसू नये. सायकलींचे शहर म्हणून मिरवणाऱ्या पुण्यात केंद्राच्या नेहरू नागरी योजनेच्या पैशांतून बीआरटी बसमार्गांच्या कडेने झालेल्या सायकल पट्ट्यांवर झाडे, विजेचे डबे आणि वडापावच्या गाड्या सुखाने नांदल्या. २०१७ च्या डिसेंबरात महापालिकेने मंजूर केलेला सायकल आराखडा कागदावर उत्तम होता आणि अजूनही आहे.

मुंबई महापालिकेचा अर्थसंकल्प फेब्रुवारीत येतो. त्यात सायकल मार्गाच्या प्रगतीची टक्केवारी या वेळी छापू नये. आयुक्तांनी दोनच आकडे द्यावेत. एक, पायउतार न होता सायकल मारता येईल असा या मार्गाचा सर्वांत लांब सलग तुकडा आज किती किलोमीटरचा आहे. दुसरा, या मार्गाच्या जागेवरून उठवलेल्यांपैकी किती कुटुंबे आजही माहुलमध्ये आहेत. पहिला आकडा दर वर्षी वाढावा आणि दुसरा घटावा, आणि तसे झाले नाही तर कोणत्या खात्याच्या कोणत्या अधिकाऱ्याला विचारायचे, ते त्याच पानावर खाली लिहावे.