स्मृतिभ्रंश, कॉर्टिसोल आणि आपली जबाबदारी

अल्झायमर रोगाने ग्रस्त ज्येष्ठांमध्ये कॉर्टिसोल हे तणावाचे संप्रेरक पुष्कळदा वाढलेले आढळते. मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा भाग स्मृती घडवितो, तसाच अधिवृक्क ग्रंथींच्या या स्रावास आवरही घालतो. तो झिजला की आवर सुटतो, आणि वाढलेले कॉर्टिसोल पुन्हा त्याच भागास उपद्रव देते. वार्धक्याच्या संदर्भात या दुष्टचक्राची कल्पना सापोल्स्की, क्रे व मॅकइवेन यांनी १९८६ मध्ये मांडली.

येथेच आमच्या व्यवसायबंधूंना सावध करावेसे वाटते. अश्वगंधेने तणावग्रस्त परंतु निरोगी प्रौढांचे कॉर्टिसोल घटल्याचे लहान चाचण्यांत दिसले आहे. त्यावरून ती अल्झायमर बरा करते, असा निष्कर्ष निघत नाही. तरीही ‘गेलेली स्मरणशक्ती परत येईल’ असे आश्वासन दिले जाते, याचा आम्हांस खेद वाटतो. अशा आशेवर नातेवाईक चालू औषधे बंद करू शकतात. शिवाय मेंदूच्या विकारांवरील औषधांच्या जाहिरातींस १९५४ च्या कायद्याने मनाई आहे, हे औषधविक्रेत्यांनी विसरू नये.

आपल्यापाशी देण्यासारखे पुष्कळ आहे. नियमित दिनचर्या, सौम्य अभ्यंग, रात्रीची शांतता, ओळखीची माणसे यांनी रुग्णाचा क्षोभ शमण्यास साहाय्य होते. शुश्रूषा करणाऱ्या सुनेची वा पत्नीची विचारपूसही चिकित्सेचाच भाग मानावा. मेध्य औषध द्यायचेच, तर थायरॉइडच्या व झोपेच्या गोळ्यांची चौकशी करूनच द्यावे, आणि त्याची मर्यादा कुटुंबास स्पष्ट सांगावी, अशी आमची विनंती आहे.