विषय ठरवण्याचा हक्क परिषदेला हवा

महाराष्ट्राच्या जनजाती सल्लागार परिषदेवर दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला असा, की विधानसभेत आदिवासींसाठी 25 राखीव जागा असताना त्याच आमदारांना आणखी एका परिषदेत कशाला बसवायचं? पण 288 जणांच्या सभागृहात हे 25 जण आपापल्या पक्षाच्या आदेशाने बांधलेले असतात. परिषदेत जास्तीत जास्त 20 सभासद, आणि त्यांतले सुमारे तीन चतुर्थांश आदिवासी आमदार. म्हणजे बहुमत त्यांचं. अनुसूचित क्षेत्रातल्या जमिनीच्या हस्तांतरणावर किंवा सावकारीवर राज्यपालांना विनियम करायचा असेल, तर आधी या परिषदेचा सल्ला घ्यावाच लागतो. हे सामर्थ्य विधानसभेतल्या राखीव जागांनी मिळत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सल्ला बंधनकारक नसेल तर परिषद काय कामाची? राज्यघटनेच्या ज्या पाचव्या अनुसूचीत या परिषदेची तरतूद आहे, तिच्या आधीच्या मसुद्यात परिषदेला जास्त अधिकार होते. सप्टेंबर 1949 मध्ये ते सौम्य केले गेले, तेव्हा जयपालसिंग मुंडांनी घटना समितीत हरकत घेतली होती. ती रास्तच होती. पण म्हणून परिषद मोडीत काढा, हा निष्कर्ष मला साफ अमान्य आहे. खरं दुखणं या अनुसूचीच्या चौथ्या परिच्छेदात आहे. राज्यपाल सोपवतील त्याच विषयांवर सल्ला द्यायचा, असं तो सांगतो. त्यात अध्यक्षस्थानी मुख्यमंत्री. ज्या सरकारला सल्ला द्यायचा, त्याचाच प्रमुख बैठक चालवतो!

याचा परिणाम ऑक्टोबर 2024 मध्ये सगळ्यांनी पाहिला. विधानसभेचे तत्कालीन उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ आणि काही आदिवासी आमदारांनी मंत्रालयातल्या संरक्षक जाळीवर उड्या घेतल्या. आरक्षणाचा आणि अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या पेसा कायद्याखालील भरतीचा प्रश्न होता. हे दोन्ही विषय परिषदेला स्वतःहून हाती घेता आले असते, तर त्यांची चर्चा तिथे झाली असती.

परिषदेत गावातली माणसं घ्या म्हटलं, तर त्यांना धोरण काय कळतं, असं काही जण विचारतात. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि पुढे बांबूचा व्यवहार ग्रामसभेने स्वतः चालवला. असं काम केलेली माणसं परिषदेत हवीत. आमदारांखेरीजच्या जागा त्यांनाच द्याव्यात. विषयपत्रिका सभासदांनी ठरवावी, इतिवृत्त मराठीत जाहीर व्हावं आणि सल्ला नाकारला तर सरकारने त्याची कारणं लेखी द्यावीत.